सर्वानुमते

"विषय नंबर चार, अहवाल सालातील नफा-तोटा पत्रक व ताळेबंद वाचून मंजूर करणे..." एवढं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मारुतीच्या देवळाच्या पायरीवरून कुणीतरी ओरडायचं, "मंजूर!" मग मागून सगळ्यांचं, "मंजूर, मंजूर." आकडे कुणी ऐकायचं नाही. ऐकणार तरी कसे, लाउडस्पीकर नेहमी कुईं करायचा. दाराशी हजेरी वहीवर सही किंवा अंगठा केला की चिवडा-लाडूचं पाकीट हातात पडायचं, आणि पाकीट संपायच्या आत सभा संपली पाहिजे अशी गावाची अपेक्षा असायची. ती मी 34 वर्षांत फारशी कधी मोडली नाही.

मी गटसचिव होतो. कोरेगाव तालुक्यातल्या विकास सोसायट्यांची दप्तरं सांभाळणारा माणूस. पीककर्जाच्या फायली, वसूल, किर्द, तेरीज, आणि सप्टेंबरात वार्षिक सभा. गावात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात तसं मलाही म्हणायचे. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहायचं काम माझंच. ते कसं लिहितात हे बाहेरच्याला ठाऊक नसतं म्हणून सांगतो. सभेत लिहीत नाहीत. सभेत चिठोऱ्यावर दोन-चार खुणा करायच्या आणि आठ दिवसांनी, घरी, जेवण झाल्यावर, मागच्या वर्षीचं प्रोसिडिंग पुढ्यात घेऊन उतरवायचं. सूचक कोण, अनुमोदक कोण, तेवढी नावं बदलायची. शेवटी प्रत्येक ठरावाखाली, "ठराव सर्वानुमते मंजूर." हे तीन शब्द मी किती वेळा लिहिले असतील याचा हिशेब मात्र ठेवलेला नाही.

निवृत्त झाल्यावर हे सगळं डोक्यातून जायला हवं होतं. ते परत आणलं पोरीने.

थोरली स्पर्धा परीक्षेच्या मागे लागली त्याला तीन वर्षं झाली. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका अभ्यासिकेत बसते, शनिवारी एसटीने गावी येते. आली की तिचं एक जाडजूड पुस्तक माझ्या मांडीवर ठेवते. मी विचारायचं, तिने डोळे मिटून सांगायचं. अशी राज्यघटना माझ्या साठीनंतर माझ्या घरात आली.

"संसद म्हणजे कोण कोण?"

"राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा. कलम 79."

मला वाटायचं राष्ट्रपती वेगळे, संसद वेगळी. तर तसं नाही. ते सभागृहाचे सदस्य नसतात, तरी त्यांच्या संमतीशिवाय विधेयकाचा कायदा होत नाही.

"म्हणजे आमच्या सहकार खात्याच्या उपनिबंधकासारखं का?"

"पप्पा, प्लीज."

आकडे तिला तोंडपाठ. लोकसभेत निवडून आलेले 543, त्यात महाराष्ट्राचे 48. राज्यसभा 245, त्यात आपले 19. बारा जण राष्ट्रपतींनी नेमलेले. लोकसभेची मुदत पाच वर्षं, शिवाय ती आधीही बरखास्त होते. राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आपला सातारा जिल्हा केवढा, पण सबंध जिल्ह्याला एक खासदार नाही. फलटण आणि माण माढ्याला जोडलेत. माझी मेहुणी दहिवडीची, तिचा खासदार वेगळा आणि माझा वेगळा. हे मला ठाऊक होतं, पण पुस्तकात वाचल्यावर जरा अधिकृत वाटलं.

गणपूर्तीपाशी, म्हणजे सभेला किमान किती माणसं हवीत तिथे, आल्यावर मात्र मी सावरून बसलो. हा माझा विषय. आमच्या नोटिशीत शेवटी एक ओळ असायचीच. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेतली जाईल आणि त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. निम्म्या महाराष्ट्राचा सहकार या एका ओळीवर उभा आहे. संसदेत गणपूर्ती एक दशांश, म्हणजे लोकसभेत 55. तेवढी माणसं नसली तर घंटी वाजते, आणि तरी जमली नाहीत तर अध्यक्षांनी काम थांबवायचं. पण मोजायला कुणी सांगितलं तर. दुपारच्या जेवणानंतर मोजकीच माणसं बसलेली असतात, भाषणं चालू असतात, आणि कुणी बोट दाखवत नाही. हे ऐकून मला दिल्ली एकदम जवळची वाटली.

मग आलं मतदान.

आवाजी मतदान म्हणजे आमचं मंजूर-मंजूरच. अध्यक्ष प्रस्ताव टाकतात, बाजूचे "होय" म्हणतात, विरोधातले "नाही", आणि कुठला आवाज मोठा ते अध्यक्षांचे कान ठरवतात. बहुतेक कामकाज असंच पार पडतं. फरक आहे तो पुढे. एखाद्या सदस्याने उठून या निकालाला हरकत घेतली की अध्यक्ष लॉबी मोकळी करायला सांगतात. घंट्या वाजायला लागतात, इमारतभर विखुरलेले खासदार धावत येतात. साडेतीन मिनिटं. पोरीने अगदी "3 मिनिटं 30 सेकंद" असं सांगितलं. नंतर प्रस्ताव पुन्हा टाकायचा, पुन्हा हरकत आली की मतविभागणी. म्हणजे मत मोजायचं आणि कोण कुठल्या बाजूला होतं ते नावानिशी लिहायचं. उगीच मागणी केली असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना जागेवर उभं करून नुसते मोजूही शकतात. पण घटनादुरुस्ती असेल तर आवाजावर भागतच नाही. एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर असून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, असा दुहेरी हिशेब लागतो, तो ओरडून कसा लागणार.

तिने मोबाइलवर एक जुना व्हिडिओ दाखवला. नवीन संसद भवनातलं पहिलंच अधिवेशन, सप्टेंबर 2023, महिला आरक्षणाचं विधेयक. फलकावर आकडे उमटले. बाजूने 454, विरोधात 2.

"दोनच," ती हसून म्हणाली.

मी काही हसलो नाही. ते दोन आता कायमचे तिथे आहेत. त्यांचं बरोबर होतं की चूक, ते बाजूला ठेवा. शंभर वर्षांनी कुणी तो कागद काढला तरी त्याला दिसेल की त्या दिवशी सभागृहात दोन माणसांनी नाही म्हटलं होतं.

तेव्हा मला आबा आठवले.

2003 साल. दुष्काळाचं. सभेत सातवा विषय होता, अंदाजपत्रकापेक्षा जादा झालेल्या खर्चास मंजुरी देणे. अशी मंजुरी संसदेलाही लागते. वर्षाच्या मध्यात पैसा कमी पडला तर पुरवणी मागण्या येतात, आणि वर्ष संपल्यावर खर्च जास्त झाल्याचं निघालं तर आधी लोकलेखा समिती तपासते, मगच लोकसभा मंजुरी देते. आमच्याकडे मी वाचायचो आणि मंजूर व्हायचं. त्या वर्षी किरकोळ खर्च 4,000 धरला होता, झाला 11,400. मी वाचलं. पायरीवरून "मंजूर" आलं. आणि खांबाला टेकून बसलेले आबा उठले.

आबा तेव्हा सत्तरीच्या पुढचे. पत्री सरकारच्या काळात पोरवयात भूमिगतांना रात्री भाकरी पोचवलेला माणूस. त्यांनी पहिलं मत दिलं 1957 ला, आणि त्या निवडणुकीत क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेत गेले. हे आबा अशा थाटात सांगायचे की नाना त्यांच्या एकट्याच्या मतावर दिल्लीला गेले असावेत. धोतर, खांद्यावर टॉवेल, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथे दोरा.

"शेक्रेटरी, ह्यो किरकोळ खर्च काय रं?"

"चहापाणी, स्टेशनरी, प्रवास असं असतंय, आबा."

"चार हजाराचं अकरा हजार कसं झालं? कितीचा च्या पिला?"

लोक हसले. चेअरमन म्हणाले, "आबा, ऑडिट झालंय की त्याचं." कुणीतरी परत "मंजूर, मंजूर" सुरू केलं. आबा उभेच.

"मला मंजूर न्हाई. लिवून घ्या."

मी मान हलवली. आठव्या विषयावर गेलो.

खरं सांगायचं तर त्या खर्चात लबाडी नव्हती. त्या वर्षी वसुलीसाठी बँकेचे साहेब चार वेळा येऊन गेले होते, जीपचं डिझेल, जेवणं, सगळ्याच्या पावत्या माझ्याकडे होत्या. दोन मिनिटांत वाचून दाखवता आल्या असत्या. वाचल्या नाहीत, कारण एकदा वाचल्या की दरवर्षी वाचाव्या लागतात. प्रोसिडिंग उतरवताना सातव्या ठरावाखाली हात आपोआप चालला. सर्वानुमते मंजूर.

आठ-दहा दिवसांनी आबा ऑफिसात आले. प्रोसिडिंग बुक मागितलं. सभासदाला ते बघायचा हक्क आहे, नाही म्हणता येईना. बाकावर बसून, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत त्यांनी सगळं वाचलं. सातव्या ठरावावर बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मग चष्मा काढून मला म्हणाले,

"मी सभेला व्हतो का न्हवतो?"

मी म्हणालो, "आबा, लिहायची पद्धतच तशी असते."

लोकसभेलाही सचिव असतो, त्याला महासचिव म्हणतात. त्याचा हुद्दा, पगार, बंगला आपल्याला विचारायचं कारण नाही, पण काम ऐकून मला त्याच्याविषयी भाऊबंदासारखं वाटलं. सभागृहात बोललेल्याचा पुरा वृत्तान्त तयार करून घेणं ही नियमाने त्याची जबाबदारी. रिपोर्टर पाळीपाळीने बसतात आणि शब्दन् शब्द टिपतात. मध्येच ओरडलेलं, हशा, गोंधळ, सगळं. त्यातला एखादा शब्द काढायचा तर तो अध्यक्षांनी हुकूम देऊन काढावा लागतो, आणि तोही बदनामीकारक, असभ्य किंवा सभागृहाला न शोभणारा असला तरच. काढलाय हे दिसेल अशी खूण त्या जागी राहते. मी आबांना कुठल्या नियमाखाली वगळलं? खूणही ठेवली नाही.

संसदेच्या अधिकारांची यादी लांबलचक आहे. कायदे करणं, घटनेत बदल करणं, राष्ट्रपतींवर महाभियोग, न्यायाधीशाला पदावरून काढणं. पोरगी ती धडाधडा म्हणते. मला यातलं सगळ्यात भारी वाटलं ते एक रुपयाचं प्रकरण. सरकारच्या प्रत्येक खात्याचा खर्च लोकसभेपुढे मागणी म्हणून येतो. एखाद्या खात्याचं धोरणच पटत नसेल तर खासदार कपात सूचना देतो, ही मागणी कमी करून एक रुपया करावी. हजारो कोटींच्या समोर एक रुपया! काटकसरीसाठी ठरावीक रक्कम कापा असंही म्हणता येतं, आणि एखादी तक्रार मांडायची तर शंभर रुपये कापा म्हणायचं. अशा सूचना संमत होत नाहीत, कारण एक जरी झाली तर सरकारवर विश्वास उरला नाही असा तिचा अर्थ लागतो. पण सूचना दिली की तो विषय लेखी येतो. आबांना हे कळलं असतं तर त्यांनी 11,400 चा एक रुपया करा म्हटलं असतं, याची मला खात्री आहे.

अर्थात तिथेही सगळं आलबेल नाही. थोड्या खात्यांवर चर्चा होते, आणि ठरलेल्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकून मोकळे होतात. त्याला गिलोटिन म्हणतात. नाव तरी प्रामाणिक ठेवलंय. आणि पैशाच्या बाबतीत राज्यसभेच्या हाती फार नाही. मागण्यांवर ती मत देत नाही, धन विधेयक 14 दिवसांत परत करावं लागतं, तिने सुचवलेलं लोकसभेने घेतलं तर घेतलं. विधेयक धन विधेयक आहे की नाही ते लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. एरवीच्या विधेयकांना राज्यसभा अडवू शकते, मग संयुक्त बैठक बोलवायची. असं आजवर तीनदाच घडलं, आणि त्यातलं पहिलं विधेयक 1961 सालचं हुंडाबंदीचं. हे ऐकून आमची ही आतून म्हणाली, "बैठक कसली घ्यायची त्याच्यावर." तिचा मुद्दा मी घरातल्या प्रोसिडिंगात नोंदवून ठेवलाय.

एका मताची किंमत साताऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटायचं. 1979 च्या जुलैत मोरारजींच्या सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला तो आपल्या साताऱ्याच्या खासदाराने, यशवंतराव चव्हाणांनी. ते तेव्हा विरोधी पक्षनेते होते. मतदानाची वेळच आली नाही, मोजणीआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. वीस वर्षांनी, 17 एप्रिल 1999 ला, मोजणी झाली. वाजपेयींच्या बाजूने 269, विरोधात 270. त्या दिवशी मी सोसायटीच्या टीव्हीवर हे बघितलंय, ऑफिसात उभं राहायला जागा नव्हती. आणि चार वर्षांनी त्याच ऑफिसात बसून मी एक मत मोजलं नाही.

नियम असले म्हणजे ते पाळले जातात असंही नाही. 2020 च्या सप्टेंबरात राज्यसभेत शेतीची विधेयकं आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधक मतविभागणी मागत होते. मागणारे आपापल्या जागेवर नव्हते, सभागृहात गोंधळ होता, असं उपसभापतींचं म्हणणं. पुढच्या वर्षी 29 नोव्हेंबरला तेच कायदे रद्द करायचं विधेयक लोकसभेत आलं आणि चर्चा न होता तेही आवाजानेच गेलं. ते कायदे चांगले होते की वाईट यावर आमच्या पारावर आजही भांडणं होतात. पण येतानाही मंजूर-मंजूर आणि जातानाही मंजूर-मंजूर, हे वाचून मला माझं अक्षर ओळखल्यासारखं झालं.

शिवाय व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा पक्षाचा आदेश. 1985 साली पक्षांतरबंदी आली, ती आयाराम-गयाराम थांबवायला. साताऱ्याने 2019 ला त्याचं एक रूप पाहिलं. खासदाराला पक्ष बदलायचा होता, म्हणून राजीनामा, म्हणून पाच-सहा महिन्यांतच पोटनिवडणूक. ते एक वेळ ठीक. पण त्याच कायद्याने पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तरी खासदारकी जाते, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर. म्हणजे मतविभागणीत नावं लागतात खरी, पण बहुतेकांची मतं आधीच ठरलेली. आबांना कुणाचा व्हिप नव्हता. ते कुठल्याच पॅनेलमध्ये नव्हते.

त्यांच्याकडे दुसरी एक गोष्ट मात्र नव्हती. कलम 105. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी किंवा दिलेल्या मतासाठी खासदारावर कुठल्याही कोर्टात खटला चालत नाही. पोरीने हे सांगितलं आणि मी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठलो. त्या साली आबांची कर्ज नूतनीकरणाची फाइल माझ्या टेबलावर तीन आठवडे पडून होती. चेअरमन एवढंच म्हणाले होते, "त्यांची बघू सावकाश." मी मुद्दाम खाली घातली नाही. वर काढायची घाईही केली नाही. घेवड्याचं बी घ्यायला आबांनी थोरल्या लेकीकडून पैसे आणले, हे मला नंतर कळलं.

पुढच्या वर्षीच्या सभेत विषय नंबर एक, नेहमीप्रमाणे, मागील सभेचे प्रोसिडिंग वाचून कायम करणे. हरकत घ्यायची ती जागा. मी म्हणालो, "वाचलं असं समजावं का?" आणि खांबाकडे बघितलं. आबा तिथेच बसले होते. काही बोलले नाहीत. "मंजूर" झालं. त्यांनी हजेरी वहीवर सही केली होती, अंगठा नव्हे, सहीच करायचे, पाकीट घेतलं, आणि सभा संपायच्या आत काठी टेकत निघून गेले. त्यानंतर ते दरवर्षी येत राहिले. बोलले मात्र कधीच नाहीत.

परवा, या सप्टेंबरात, मी साधा सभासद म्हणून सभेला गेलो. सव्वा एकर माझ्याही नावावर आहे. आता नवा गटसचिव आहे, तिशीतला पोरगा, संगणकावर काम करतो. देऊळ तेच, स्पीकर नवा आणि तोही कुईं करतो. जादा खर्चाचा विषय आला. संगणक दुरुस्ती आणि इतर, अंदाजाच्या दुप्पट. पायरीवरून आवाज आला. मी उठलो. 34 वर्षं मी या सभांत उभा राहिलोय, पण टेबलाच्या पलीकडून. अलीकडून उभं राहिल्यावर गुडघे थरथरतात, हे मला माहीत नव्हतं.

"यातला ‘इतर’चा आकडा जरा फोडून सांगा."

पोराने चेअरमनकडे बघितलं. चेअरमन हसले, "भाऊसाहेब, आता तुम्हीच असं विचारायला लागल्यावर कसं व्हायचं?" माझ्या मागे पाकिटांची कुरकुर चालू होती. परत "मंजूर, मंजूर" झालं.

"माझी हरकत लिहून घ्या," मी म्हणालो. पोराने मान हलवली. ती मान मला चांगली ओळखीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेलो. पोरगा अदबीने उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी प्रोसिडिंग बुक मागितलं. त्याने कपाटातून काढून समोर ठेवलं. पानावर तारीख होती आणि खाली एक ओळ, "सभा सकाळी ठीक 10 वाजता सुरू झाली." सभा सुरू झाली होती सव्वा अकराला.

"अजून उतरवायचंय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "सोमवारी या."

आज रविवार.